पेटीत राहिलेली गाणी

भाकऱ्या, भांडी आटोपून बसला असाल. आज एका गाणारणीची गोष्ट सांगते.

तिचं नाव बेटी लव्हेट. अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात ती वाढली. तिकडच्या काळ्या लोकांचं ‘सोल’ नावाचं गाणं आहे. देवळातली भजनं आणि कष्टाची, दुःखाची गाणी यांतून ते आलं. १९६२ साली, सोळाव्या वर्षी तिचं पहिलं गाणं गाजलं. पण स्वतःची अख्खी रेकॉर्ड काही निघेना.

१९७२ साली तो योग आला. अटलांटिक या मोठ्या कंपनीसाठी अलाबामा राज्यातल्या मसल शोल्स गावी तिनं गाणी भरली. आता रेकॉर्ड निघणार, एवढ्यात कंपनीनं बेतच रद्द केला. टेपा गोदामात गेल्या. बेटी लहानमोठ्या ठिकाणी गात राहिली, नाटकात काम करत राहिली. पहिली रेकॉर्ड निघाली ती थेट १९८२ साली, दुसऱ्या कंपनीकडून.

१९७८ साली अटलांटिकच्या गोदामाला आग लागली. बेटीची गाणीही त्यात जळाली, असंच सगळे धरून चालले. पण फ्रान्समधल्या जिल पेतार नावाच्या एका शौकिनानं नाद सोडला नाही. जळाली म्हणून सांगितलं, तरी तो विचारत राहिला. शेवटी १९९९ साली मूळ टेपा सापडल्या, आणि २००० साली त्यानं ती गाणी बाहेर काढली. बेटी तेव्हा चोपन्न वर्षांची होती! मग नव्या रेकॉर्डी निघाल्या, बक्षीस मिळालं. २००९ साली ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हाच्या सोहळ्यात लाखो लोकांपुढं ती गायली.

ही गोष्ट ऐकली आणि मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्यांच्या जात्यावरच्या ओव्या मी मोबाइलमध्ये भरल्या होत्या. मोबाइल पाण्यात पडला, वर्षभरात सासूबाईही गेल्या. ओव्या गेल्या म्हणून मी गप्प बसले, कुणाला विचारलंसुद्धा नाही. परवा जाऊबाईंना विचारलं. त्यांना मी कधीतरी दोन ओव्या पाठवल्या होत्या, त्या निघाल्या! बाकीच्या नाहीत. पण दोन आहेत. लेकीला ऐकवल्या, तर म्हणाली, “आजी खोकतेय पण यात.” आम्ही दोघी हसलो, आणि रडलोही.

म्हणून सांगते. घरातल्या म्हातारीचा आवाज भरून ठेवा. सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि तारीख बोला, नाहीतर पुढं कुणाला ओळख पटायची नाही. एकाच फोनवर विसंबू नका. बहिणीच्या, भाचीच्या फोनवरही पाठवा. गटाच्या बैठकीत दहा मिनिटं यासाठी काढा. आणि आधी भरलेलं हरवलं असेल, तर एकदा विचारून बघा. बेटीची गाणी सापडली, तेव्हा ऐकायला ती स्वतः होती. आपल्या म्हाताऱ्याही आज आहेत, तोवरच त्यांना त्यांचा आवाज ऐकवूया.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.