पुन्हा उद्भवणारा बुरशीरोग आणि औषधांना दाद न देणारी बुरशी



ज्या विकाराविषयी मी आज बोलणार आहे, त्याचा उच्चार करणेही आपल्या घरांत अनुचित मानले जाते. योनिमार्गात खाज, आग आणि दह्याच्या गुठळ्यांसारखा पांढरा स्राव ही त्याची लक्षणे. दर चार स्त्रियांपैकी सुमारे तिघींना आयुष्यात एकदा तरी त्याचा अनुभव येतो. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा तो उद्भवला, तर त्यास पुनरावर्ती म्हणतात.

त्याचे कारण बहुधा ‘कॅन्डिडा अल्बिकन्स’ ही बुरशी. निरोगी शरीरातही ती निमूटपणे वास करते. प्रतिजैविके, गर्भावस्था किंवा अनियंत्रित मधुमेह यांमुळे संधी मिळताच फोफावते. तिच्या पेशीच्या आवरणास एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य लागते. फ्लुकोनॅझोल हे औषध ते द्रव्य घडविणारे विकर निकामी करते. मात्र त्यामुळे या बुरशीची वाढ थोपते, तिचा नाश होत नाही. उरलेल्या पेशींपैकी काहींत त्या विकराची घडण बदलते. काही पेशी तर नावेतले पाणी उपसावे तसे औषध बाहेर फेकतात. ‘क्रुसेई’ ही जाती मुळातच या औषधास दाद देत नाही, आणि ‘ग्लाब्राटा’ फार थोडी देते.

परंतु रोग परतला म्हणजे बुरशी औषधाला सरावली, असे समजू नये. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांना सहा महिने, आठवड्यातून एकदा, १५० मिलिग्रॅम फ्लुकोनॅझोल दिले गेले. त्या काळात दहांपैकी नऊ जणी रोगमुक्त राहिल्या. औषध थांबल्यावर पुढील सहा महिन्यांत निम्म्याहून अधिक जणींना रोग पुन्हा जडला. तरीही अल्बिकन्समध्ये प्रतिरोध आढळला नाही.

मग खरे कारण कसे ओळखावे? स्रावाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून, आणि बुरशी प्रयोगशाळेत वाढवून तिची जाती व औषधसंवेदनशीलता पाहून. कित्येकदा खाजेचे मूळ बुरशीत नसतेच. प्रतिरोध सिद्ध झाला तरी मार्ग खुंटत नाही. हेझन आणि ब्राउन या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी १९५० साली जगापुढे ठेवलेले निस्टॅटिन आजही उपयोगी पडते. बोरिक आम्लाच्या योनीत ठेवावयाच्या कॅप्सूलही वैद्य देतात; मात्र त्या तोंडाने घेणे विषारी ठरते आणि गर्भावस्थेत त्या वर्ज्य आहेत.

म्हणून माझी विनंती एवढीच: लज्जेपोटी दुकानातून तीच गोळी पुनःपुन्हा आणू नका. तपासणी मागा. ती मागण्यात लाजिरवाणे काहीही नाही.