अठरा पूर्ण झाल्यावर काय?

राज्यभरातून आलेल्या विशेष शाळांतील शिक्षक ताई-दादा, आणि रजा टाकून मुलांसह आलेले पालकहो,

याच नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी ही शाळा उभी केली. मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून चालते, पुण्यात कामायनी १९६४ पासून. या मुलांना शिकवायचे कसे, हे महाराष्ट्राला बाहेरून कुणी येऊन सांगायला नको. अडते ते पुढे. दिव्यांग मुलांना मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क अठराव्या वर्षापर्यंत आहे. शाळा सुटते, आणि दहा-बारा वर्षे रोज दप्तर घेऊन निघणारे मूल दुसऱ्या दिवसापासून टीव्हीपुढे बसते. काहींना दिव्यांग प्रौढांच्या कार्यशाळेत जागा मिळते. पुष्कळांच्या गावात कार्यशाळाच नसते.

मी शिक्षक नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे आणि पॅकिंगला विशेष शाळांतून आलेली मुले आहेत. तेव्हा मी बोलेन ते काम देणाऱ्याच्या बाजूने.

आमच्याकडे एका पिशवीत वीस वॉशर भरतात. एका मुलाला वीसपर्यंत मोजता येत नव्हते. त्याच्या शाळेतल्या ताईंनी आमच्या फोरमनकडून एक लाकडी पाटी करून घेतली. पाटीवर वीस खुंट्या. प्रत्येक खुंटीवर एक वॉशर अडकवायचा, एकही खुंटी रिकामी दिसली नाही की पाटी पिशवीत उपडी करायची. त्याला आजही वीसपर्यंत मोजता येत नाही, आणि त्याच्या पिशवीत वॉशर कमी भरल्याची तक्रार कधी आलेली नाही. अशी पाटी करणे कारखान्याला मुळीच अवघड नाही. आमच्या टूलरूममध्ये त्याहून किचकट जिग रोज बनतात. म्हणून शिक्षकांना माझे सांगणे आहे की, हातातले काम आम्ही शिकवू. आम्हाला जे शिकवता येत नाही, ते तुम्ही शिकवून पाठवा.

काय शिकवायचे? निमाणी बसस्थानकावरून आपली बस ओळखून चढणे. घड्याळ बघून डबा उघडणे आणि घड्याळ बघूनच बंद करणे. लघवीला जायचे असेल तर विचारणे. पगाराचा निरोप घरी नीट सांगणे. कुणी अंगाला नको तसा हात लावला तर मोठ्याने ‘नाही’ म्हणणे आणि घरी येऊन सांगणे. हे मुलींना आणि मुलांनाही. पाटी करून घेणाऱ्या त्याच ताईंनी त्या मुलाला बसचा प्रवास कसा शिकवला, ते मी पाहिले आहे. आधी शेजारी बसून, मग दोन बाके मागे बसून, मग बसच्या मागून स्कूटरवर. एके दिवशी मिरवणुकीमुळे बसने वाट बदलली. तो घाबरला, पण गळ्यातल्या ओळखपत्रावरचा नंबर त्याने वाहकाला दाखवला. तेही ताईंनी आधी वर्गात अनेकदा करून घेतले होते!

ही तयारी सतराव्या वर्षी सुरू करून भागत नाही. माझ्या मते चौदाव्या वर्षापासून प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात ‘हे मूल पुढे कुठे राहील, काय करील’ हा रकाना असला पाहिजे, आणि तो भरताना मुलालाही विचारले पाहिजे. शाळांत बनणाऱ्या दिवाळीच्या पणत्या, राख्या, उटणे यांचा मला आदर आहे. माझ्या घरी तेच येते. पण सण सरला की ते कामही सरते. आठवड्यातून एक दिवस तरी मुले किराणा दुकानात, छापखान्यात, रोपवाटिकेत, कॅन्टीनमध्ये खऱ्या कामावर जावीत.

पालकांना एक गोष्ट हात जोडून सांगतो. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते. त्याच्या वतीने सही करण्याचा तुमचा अधिकार आपोआप पुढे चालू राहत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल आणि गरज असेल, तर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. बँकेने अडवल्यावर धावपळ करू नका. आणि मुलाला घरात कप विसळू द्या, दुकानात पैसे देऊ द्या. फुटला कप तर फुटू द्या.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा राखल्या. त्यात बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्या वाट्याला मिळून १ टक्का. एवढ्यावर या मुलांचे आयुष्य उभे राहणार नाही. तोच कायदा खासगी क्षेत्रात निदान ५ टक्के दिव्यांग कामगार असावेत म्हणून सवलती द्यायला सांगतो. पण सवलतीची वाट पाहायची गरज नाही. माझ्या उद्योजक बंधूंनो, उपकार म्हणून कुणाला घेऊ नका. कामाला घ्या आणि कामाचा पूर्ण पगार द्या. आज दुपारच्या सत्रात शिक्षक तुमच्या शेजारी बसणार आहेत. तुमच्या कारखान्यातले एक काम त्यांना सांगा आणि त्यांनी ते पाहायला कधी यायचे, तो वार ठरवूनच उठा.