जुना फ्लॅट विकताना

सोसायटीतला फ्लॅट बघायला येणारा माणूस हवा-उजेड, पाण्याची वेळ आणि स्टेशनचे अंतर पाहून होकार देतो. पैसे मात्र कागद तपासल्यावर मिळतात. खरेदीदाराचा वकील आणि त्याला कर्ज देणारी बँक यांना नव्या रंगाशी किंवा मॉड्युलर किचनशी काही कर्तव्य नसते. महाराष्ट्रात घरविक्रीचे व्यवहार रखडतात त्याचे कारण बहुतेक वेळा कपाटातल्या फायलीत आधीपासूनच पडून असते. रंगकामावर लाखभर रुपये घालवणारा मालक ती फाईल मात्र टोकन घेतल्यावर उघडतो.

त्या फाईलीत काय असायला हवे? आपला स्वतःचा करारनामा तर हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. वकील सगळी साखळी मागतो. बिल्डरने पहिल्या मालकाला लिहून दिलेला करार, पहिल्याने दुसऱ्याला दिलेला, दुसऱ्याने आजच्या विक्रेत्याला दिलेला, आणि प्रत्येकासोबत नोंदणीची पावती व सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे ज्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतात तो कागद. मधला एखादा करार हरवला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित नक्कल काढता येते, पण करार मुळात नोंदवलेला असेल तरच.

जुन्या सोसायट्यांत अडचण इथेच येते. 10 डिसेंबर 1985 पूर्वी फ्लॅटचे करार पाच रुपयांच्या मुद्रांकावर होत असत. त्या तारखेपासून महाराष्ट्रात अशा कराराला खरेदीखतासारखेच मुद्रांक शुल्क लागू झाले. हा बदल पुष्कळांच्या गावीही नव्हता. परिणामी डोंबिवलीत, मुलुंडला, कोथरूडला कमी मुद्रांकाचे करार अजूनही कपाटांत सापडतात. 1980 ते 2020 या काळातल्या अशा दस्तांसाठी राज्य सरकारने डिसेंबर 2023 मध्ये अभय योजना आणली होती. ‘विकायचे तेव्हा बघू’ म्हणणाऱ्यांनी ती संधीही जाऊ दिली.

घरावर कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत असतात. कर्ज पूर्ण फिटल्यावर ते 30 दिवसांत परत करावेत, उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. कागद परत आले की एकेक पान मोजून घ्यावे.

या सगळ्या कागदांत सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे भाग दाखला, अर्थात शेअर सर्टिफिकेट. पाच किंवा दहा भागांचा, किंमत अगदी किरकोळ, त्यामुळे तो देवघराच्या खणात नाहीतर लग्नाच्या अल्बममध्ये राहतो. पण सोसायटीत मालक कोण, हे तोच सांगतो. त्याच्या पाठीमागे प्रत्येक हस्तांतराची नोंद असते, तारीख आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्यांसह. विक्रेत्याने दाखला उलटून पाहावा. पुन्हा सांगण्यासारखी गोष्ट आहे: उलटून पाहावा. शेवटच्या ओळीत विक्रेत्याचे नाव नसेल तर विक्रीची जाहिरात करण्याची वेळ अजून आलेली नाही.

ते नाव बहुधा वडिलांचे निघते, आणि इथे घरोघरी एक पक्का गैरसमज दिसतो. वडिलांनी नामनिर्देशनाच्या अर्जात मुलाचे नाव लिहिले होते, म्हणून घर मुलाचे झाले, असे मानले जाते. तसे होत नाही. नामनिर्देशित व्यक्तीने सोसायटीशी व्यवहार करायचा असतो. मालकी वारसांची असते. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितले, की नामनिर्देशनाप्रमाणे सोसायटीने नाव चढवावे, पण म्हणून इतर वारसांचा हक्क संपत नाही. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा व्यक्तीला ‘तात्पुरता सदस्य’ म्हटले आहे.

उदाहरण घेऊ. हिंदू गृहस्थाने स्वकमाईने फ्लॅट घेतला आणि मृत्युपत्र न करता तो वारला. त्याची आई हयात नाही. मागे पत्नी, मुलगा आणि दोन मुली आहेत. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे चौघांचा प्रत्येकी पाव हिस्सा. पुढे पत्नीही मृत्युपत्राविना वारली, की तिचा पाव हिस्सा तीन मुलांत वाटला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक तृतीयांश घर येते. अर्जात नाव एकट्या मुलाचे असले, मेन्टेनन्स वीस वर्षे त्यानेच भरला असला, तरी विकायला त्याच्याकडे एक तृतीयांशच असते.

‘आमच्या ताई काही मागणार नाहीत,’ हे वाक्य अशा वेळी ऐकू येते. ताईंनी मागण्या न मागण्याचा इथे प्रश्नच नाही. त्यांना हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. साध्या कागदावरचे, भाऊबीजेच्या दिवशी घेतलेले संमतीपत्र वकील बाजूला सारतो. त्याहून सरळ वाट म्हणजे सर्व भावंडांनी खरेदीखतावर सह्या करून आपापला वाटा आपापल्या खात्यात घेणे. स्वकमाईच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 पासून आहे. तो 2005 च्या दुरुस्तीने आला असे समजणारे शिकलेले लोकही भेटतात. गिऱ्हाईक दारात असताना घाईने बहिणीची सही मागण्याची रीत आता सुटायला हवी. ही बोलणी वर्षभर आधी, शांतपणे, आकडे सांगून व्हावीत.

भावंड परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र लागते. ते भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्यावे आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. मुखत्यारपत्राने दुसऱ्याच्या वतीने सही करता येते, मालकी हस्तांतरित होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे.

किमतीबाबत थोडक्यात. शेजाऱ्याने जी किंमत मिळाल्याचे सांगितले ती धरून चालू नये. त्याच इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहाराचा इंडेक्स टू पाहावा. जुन्या करारात बिल्ट-अप क्षेत्र असते आणि गिऱ्हाईक कार्पेटचा भाव विचारतो, म्हणून आतली मोजणी आधी करून घ्यावी. रोख रकमेचा मोह टाळावा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20,000 किंवा अधिक रुपये रोखीने घेण्यास बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

विसार पावती दोन ओळींची नसावी. उरलेली रक्कम कधी, कर्ज नामंजूर झाले तर काय, सोसायटीचे शुल्क कोण भरणार, हे तीत लिहावे. महापालिका क्षेत्रात हस्तांतर अधिमूल्य 25,000 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासनाचा 9 ऑगस्ट 2001 चा आदेश आहे. त्यावर ‘ऐच्छिक देणगी’ मागणाऱ्या समित्या आहेत, आणि घाईत असलेले विक्रेते ती देऊन टाकतात. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतराला सोसायटीचे ना हरकत पत्र लागत नाही. खरेदीदाराची बँक मागते म्हणून ते घ्यावे लागते. म्हाडा, सिडको किंवा सरकारी जमिनीवरील इमारतीत मात्र त्या त्या कार्यालयाची परवानगी आधी विचारावी.

कराचे गणित सनदी लेखापालाकडून करून घ्यावे, तेही करारापूर्वी. किंमत 50 लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदार 1 टक्का कापून सरकारजमा करतो. विक्रेता अनिवासी असेल तर कपात बरीच मोठी असते आणि कमी कपातीचा दाखला आधी मिळवावा लागतो. 24 महिन्यांहून अधिक काळ बाळगलेल्या घरावरचा नफा दीर्घ मुदतीचा ठरतो. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतल्यास त्यात सवलत मिळते.

शेवटचा हप्ता खात्यात जमा होईपर्यंत किल्ली देऊ नये, ‘थोडे सामान ठेवायला’ म्हणूनही नाही. ताबा देताना ताबापावतीवर वीज मीटरचे रीडिंग लिहावे, मालमत्ता कराच्या भरलेल्या पावत्यांच्या प्रती काढाव्यात. इंडेक्स टूची एक प्रत विक्रेत्यानेही जवळ ठेवावी, कारण प्राप्तिकर विवरणपत्रात विक्रीची तारीख आणि रक्कम भरताना ती लागते.