निराळ्या घडणीच्या यंत्रावर लिनक्स

बाजारांतील बहुतेक संगणक एकाच वळणाचे असतात. त्यांवर लिनक्स बसविणें आतां अवघड राहिलेलें नाहीं. परंतु यंत्राची घडणच निराळी असली तर काय करावें लागतें? याचें उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत घडलें. रायगड जिल्ह्यांतील खैराट येथील एकशिक्षकी शाळेंत २००७ सालीं ‘एक्सओ’ नांवाचे हिरवे-पांढरे संगणक मुलांच्या हातीं आले. प्रत्येक मुलाला संगणक मिळावा, या हेतूनें अमेरिकेंतील एका संस्थेनें ते घडविले होते.

या यंत्रांत फिरती तबकडी नव्हती. सारा सांठा एका गिगाबाइटच्या फ्लॅश स्मृतींत मावे. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, कामाची स्मृति अवघी २५६ मेगाबाइट. नेहमींच्या बायॉसऐवजीं ‘ओपन फर्मवेअर’ यंत्राला जागें करी. म्हणून फेडोरा लिनक्स जसेंच्या तसें उतरवून भागलें नाहीं. त्याला फ्लॅशला मानवणारी फाइलव्यवस्था, उन्हांतहि वाचतां येणारा पडदा चालविणारा भाग आणि मुलांसाठीं ‘शुगर’ हें दर्शनी रूप यांची जोड द्यावी लागली. लिनक्सची मूळ संहिता सर्वांना खुली असल्यामुळेंच हें साधलें.

प्रणाली पुन्हां बसविण्याची रीत सोपी होती. पेनड्राइव्हवर तिची प्रत घ्यावयाची, तो यंत्राला लावावयाचा आणि पडद्याशेजारच्या खेळाच्या चारहि कळा दाबून धरून यंत्र सुरू करावयाचें. मात्र जुनें सारें पुसलें जाई. तेव्हां मुलांचें काम आधींच दुसरीकडे उतरून ठेवणें अगत्याचें होतें.

पुढें कारखान्यांतून निघालेल्या पुष्कळ यंत्रांना कुलूपहि होतें. चोरीस आळा बसावा, हा त्यांतील एक हेतु. संस्थेची अंकीय सही असलेली प्रतच तें यंत्र स्वीकारी. दुसरी घालावयाची तर संस्थेकडून किल्ली मागून घ्यावी लागे.

परभणी जिल्ह्यांतील झरी असो वा अन्य गांव, शाळेच्या दारीं असें वेगळें यंत्र आलें, तर तीन प्रश्न आधीं विचारावेत. प्रोसेसर कोणत्या कुळांतला? इंटेलच्या कुळासाठीं केलेली प्रत एआरएमवर चालत नाहीं. यंत्र सुरू कशानें होतें? आणि कुलूप असल्यास किल्ली कोणाकडे? पहिल्या दोहोंचीं उत्तरें अभ्यासानें मिळतात. तिसऱ्याचें उत्तर मात्र यंत्र पदरांत घेण्यापूर्वींच मिळवावें. कारण किल्ली देणारा उद्यां उरला नाहीं, तर यंत्र शाळेच्या कपाटांत राहील, पण शाळेच्या हातीं राहणार नाहीं.