श्रद्धा यजमानाची, हक्क पाहुण्याचा



इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये माराझायन नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तिथे एक ख्रिस्ती दांपत्य आपल्या राहत्या घरातच छोटे हॉटेल चालवत असे. डबल बेडची खोली विवाहित स्त्री-पुरुषांनाच द्यायची, असा त्यांचा नियम होता. तो त्यांनी लपवलेला नव्हता आणि लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषांनाही तो लागू होता. सप्टेंबर २००८मध्ये, कायद्याने नागरी जोडीदार म्हणून नोंद झालेले दोन पुरुष तिथे उतरायला आले, तेव्हा त्यांना खोली नाकारण्यात आली. खालच्या न्यायालयाने दोघांना प्रत्येकी १,८०० पौंडांची भरपाई दिली आणि नोव्हेंबर २०१३मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकांचे अपील फेटाळले. हा भेदभाव थेट की अप्रत्यक्ष, यावर पाच न्यायाधीशांत तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली; तो बेकायदा आहे, याबद्दल मात्र पाचही जणांचे एकमत होते. मला हा निकाल न्याय्य वाटतो. त्या दांपत्याची श्रद्धा खरी होती, हे मी मनापासून मानतो. पण सर्वांसाठी उघडलेल्या दारातून एखाद्याला परत पाठवण्याचा अधिकार त्या श्रद्धेतून निघतो, हे मला पटत नाही.

आधी धर्माच्याच बाजूने पाहू. दुसऱ्याच्या हातून घडणाऱ्या, आपल्याला पाप वाटणाऱ्या कृत्यात आपला वाटा किती, हा प्रश्न ख्रिस्ती नीतिशास्त्राला नवा नाही. अठराव्या शतकात संत आल्फॉन्स लिगोरी यांनी त्यावर बारकाईने लिहिले. त्या कृत्याचा हेतूच आपलासा करणे वेगळे, आणि आपला रोजचा धंदा करताना त्याला दुरून हातभार लागणे वेगळे, हा भेद कॅथलिक परंपरेत तेव्हापासून रुजलेला आहे. खोली देणारा, जेवण वाढणारा, हॉल भाड्याने देणारा मालक पाहुण्याचा हेतू आपलासा करत नाही. घटस्फोटानंतरच्या पुनर्विवाहाबद्दल शुभवर्तमानातले येशूचे बोल अतिशय कडक आहेत. तरीही हॉलचे बुकिंग घेताना वधू-वरांचा पहिला विवाह झाला होता का, असे विचारणारे ख्रिस्ती मालक विरळाच. जिथे शास्त्र स्पष्ट बोलते तिथे आपण विचारत नाही आणि एका विशिष्ट जोडप्याशी मात्र काटेकोर होतो, तेव्हा हा काटेकोरपणा नेमका कुठून येतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवे. येशू जकातदारांच्या पंगतीला बसला म्हणून त्याच्यावर टीका करणारे लोक धर्मनिष्ठच होते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. रात्रीपुरती खोली देणे ठीक, पण विवाह हा ख्रिस्ती माणसासाठी पवित्र विधी. तो आपल्याच अंगणात, आपल्याच देखरेखीखाली कसा होऊ द्यायचा? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एका शेतमालक दांपत्याने हेच म्हटले. शेतावर विवाहसोहळे भरवणे हा त्यांचा व्यवसाय होता आणि २०१२मध्ये त्यांनी दोन स्त्रियांच्या विवाहाला नकार दिला. २०१६मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निकाल त्यांच्या विरोधात दिला. आपली मते बाळगायला आणि बोलून दाखवायला ते मोकळे आहेत. जागा भाड्याने दिली म्हणून त्या विवाहाला त्यांची संमती आहे असे कोणी समजणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. मला हे तर्कशुद्ध वाटते. विवाह लावणारा पाळक आणि मांडव देणारा व्यावसायिक यांच्या जबाबदाऱ्या एक नाहीत. पाळकाला कायद्याने पूर्ण संरक्षण आहे: इंग्लंड आणि वेल्सपुरत्या केलेल्या २०१३च्या समलिंगी विवाह कायद्यात कोणत्याही मंडळीवर असा विवाह लावण्याची सक्ती नाही, आणि ते योग्यच आहे.

शब्दांच्या बाबतीतही सक्ती नको. बेलफास्टच्या एका ख्रिस्ती बेकरीने समलिंगी विवाहाचे समर्थन करणारी घोषणा केकवर लिहायला नकार दिला. २०१८मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बेकरीच्या बाजूने निकाल दिला, आणि तो लिहिणाऱ्या लेडी हेल यांनीच कॉर्नवॉलच्या खटल्यात हॉटेलमालकांच्या विरोधात मुख्य निकालपत्र लिहिले होते. यात विसंगती नाही. बेकरीचा आक्षेप मजकुराला होता. ती घोषणा कोणीही मागितली असती तरी उत्तर तेच मिळाले असते. हॉटेलचा आक्षेप समोर उभ्या असलेल्या माणसांना होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कोलोरॅडोतील एका केकवाल्याच्या बाजूने सात विरुद्ध दोन असा निकाल दिला, कारण राज्याच्या आयोगाने त्याच्या धर्माबद्दल तुच्छतेने बोलून सुनावणी दूषित केली होती. श्रद्धावंताला आदराने ऐकून घेणे हे सरकारचे कर्तव्यच आहे.

राहिला नेहमीचा युक्तिवाद: दुसरी हॉटेले आहेतच ना, तिकडे जावे. १९६०च्या दशकात दक्षिण कॅरोलायनातील एका उपाहारगृहांच्या मालकाने काळ्या ग्राहकांना आत बसवून वाढायला नकार दिला आणि त्यासाठी धार्मिक श्रद्धेचाच आधार घेतला. १९६८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव अगदीच पोकळ ठरवला. आजच्या प्रत्येक ख्रिस्ती मालकाला मी त्याच्या पंक्तीत बसवत नाही. पण परत पाठवलेल्या माणसाला बसणारा धक्का पुढच्या हॉटेलात खोली मिळाल्याने पुसला जात नाही. महाडच्या चवदार तळ्याचा लढा ठाऊक असलेल्या महाराष्ट्राला हे सांगायला नको. म्हणूनच आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे.

ख्रिस्ती व्यावसायिकांनी कॉर्नवॉलच्या खटल्यातील लेडी हेल यांच्या निकालपत्रातला एक मुद्दा जरूर लक्षात घ्यावा. हेच दोन पुरुष हॉटेलचे मालक असते आणि ख्रिस्ती आहेत म्हणून त्यांनी या दांपत्याला डबल बेडची खोली नाकारली असती, तर कायद्याने त्यांनाही तितकेच दोषी धरले असते.