झोपेत चालणारी अमिना

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेले भाषण. काहींनी मागितले म्हणून थोडे नीटनेटके करून लिहून दिले आहे.)



माझ्या नावापुढे 'इटालियन ऑपेरा' असं फळ्यावर वाचून बऱ्याच जणांच्या भुवया वर गेल्या. साहजिक आहे. मी आयुष्यभर व्हाउचरं तपासलेला माणूस. पण नाट्यसंगीताचा कान होता आणि निवृत्तीनंतर मुलीने संगणकावर एकेक ऑपेरा लावून द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला हा नुसता आरडाओरडा वाटला, हे प्रामाणिकपणे सांगतो. मग एके दिवशी 'ला सोन्नाम्बुला' ऐकला. सोन्नाम्बुला म्हणजे झोपेत चालणारी. दोन अंक संपेपर्यंत मी जागचा उठलो नाही.

संगीतकार विन्चेन्झो बेल्लिनी. जन्म 1801, सिसिलीतलं कातानिया गाव. शब्द फेलिचे रोमानी यांचे. पहिला प्रयोग 6 मार्च 1831 रोजी मिलानच्या कार्कानो थिएटरात झाला. खरं तर हे दोघे 'एर्नानी' या व्हिक्टर ह्यूगोच्या नाटकावर काम करत होते. सेन्सॉरची धास्ती वाटली, ते सोडलं, आणि थोडक्या दिवसांत हे उभं केलं. या शैलीला बेल कान्तो म्हणतात, म्हणजे सुंदर गायन. आपल्या गाण्याशी तुलना फार ताणू नये, पण एक सांगतो. आधी संथ, लांबलचक, श्वासाची परीक्षा पाहणारी चाल आणि नंतर तानांचा पाऊस, हे आपल्या कानाला परकं वाटत नाही.

गोष्ट स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात घडते. अमिना ही अनाथ पोर. गिरणीवाल्या तेरेसाने तिला वाढवलेली. गावचा सधन शेतकरी एल्व्हिनो याच्याशी तिचं लग्न ठरतं, अंगठी घातली जाते. त्याच संध्याकाळी एक परका गृहस्थ गावात येऊन खानावळीत उतरतो. तो खरं म्हणजे तिथला सरदार रोदोल्फो, पण ओळख देत नाही. त्याने अमिनाचं कौतुक केलं, तर एल्व्हिनोचं तोंड लगेच उतरतं. तिच्या केसांशी खेळणाऱ्या वाऱ्याचासुद्धा मला हेवा वाटतो, असं तो गातो. ऐकायला गोड आहे, पण पुढची सगळी आफत तिथेच पेरलेली आहे.

गावकरी पाहुण्याला सांगतात, रात्री इथे पांढरं भूत फिरतं. तो हसतो. रात्री ते 'भूत' त्याच्याच खोलीत येतं. ती अमिना असते, गाढ झोपेत, लग्नाचं बोलणारी. सरदार क्षणभर डगमगतो, पण सावरतो आणि खिडकीतून निघून जातो. ती तिथेच झोपून राहते. खानावळवाल्या लिझाला एल्व्हिनो हवा असतो. ती जाऊन त्याला घेऊन येते. गाव गोळा होतं. अमिना जागी होते, तिला काहीच कळत नाही. पुढे एल्व्हिनो बोटातली अंगठी ओढून काढतो. आमच्या सौ. शेजारी बसून पाहत होत्या. म्हणाल्या, "अहो, हे तर शाकुंतलच!" अंगठी आणि नाकारलेली वधू, बरोबरच आहे. फरक इतकाच की दुष्यंताच्या विसरण्यामागे शाप होता, एल्व्हिनोच्या वागण्यामागे तसलं काही नव्हतं.

मला यात सर्वांत जास्त बोचलं ते कोरस. म्हणजे गाव. काल तिचं कौतुक गाणारं गाव पाच मिनिटांत फिरतं. कोणी दुष्ट नाही हो. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं ना!

इथे मला आमच्या बँकेतली एक गोष्ट सांगायची आहे. तालुक्याच्या गावची शाखा, मी तिथे अकाउंटंट. एका संध्याकाळी कॅश जुळेना. हजार रुपये कमी. त्या काळात ती मोठी रक्कम. कॅशियर माझ्याबरोबर सहा वर्षं काम केलेला, मला 'भाऊ' म्हणणारा. तीन वेळा मोजलं. तो म्हणाला, "भाऊ, मी घेतले नाहीत." मी म्हणालो, "नियमाप्रमाणे तूट भरावी लागेल." एवढंच. त्याने सासऱ्यांकडून पैसे आणून भरले. त्या दोन-तीन दिवसांत त्याच्या टेबलाशी चहाला कोणी थांबलं नाही. मीही नाही. बाजाराच्या दिवशी एक शेतकरी धोतराच्या सोग्यात बांधलेलं दहाच्या नोटांचं अख्खं बंडल घेऊन आला. त्याला जास्त गेलं होतं. पैसे परत झाले, पेढे आले. पण त्यानंतर तो कॅशियर मला 'साहेब' म्हणू लागला, ते बदली होईपर्यंत.

असो. दुसऱ्या अंकात सरदार सर्वांना समजावतो की काही माणसं झोपेत चालतात, बोलतात. कोणाचा विश्वास बसत नाही. आज डॉक्टर सांगतात की हे गाढ झोपेत, बहुधा रात्रीच्या पहिल्या भागात होतं, मुलांमध्ये जास्त आढळतं आणि सकाळी सहसा काही आठवत नाही. तेव्हा गिरणीच्या चाकावरच्या कुजक्या फळीवरून झोपेत चालत येणारी अमिना पाहिल्याशिवाय गावाला पटत नाही. ती येते, एल्व्हिनोने दिलेली वाळलेली फुलं हातात घेते आणि गाते. कसलाही दिमाख नाही, जवळजवळ उघडी चाल. बेल्लिनी 1835 मध्ये पॅरिसजवळ वारला, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. कातानियाच्या कॅथेड्रलमध्ये त्याच्या समाधीवर याच गाण्यातले शब्द कोरले आहेत.

पहिली अमिना ज्युदित्ता पास्ता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिनेच बेल्लिनीची 'नॉर्मा' केली. 1955 साली ला स्कालात मारिया कालास उभी राहिली. दिग्दर्शक व्हिस्कोन्ती आणि वाद्यवृंदापुढे लेनर्ड बर्नस्टाइन. त्याचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे, थोडं खरखरतं.

शेवटी एल्व्हिनो अंगठी परत घालतो, ती जागी होते आणि आनंदाच्या ताना घेते. एका शब्दाने विचारत नाही की माझ्यावर विश्वास का ठेवला नाहीस. सौ. म्हणाल्या, "फार लवकर माफ केलं हिने." मी काही बोललो नाही.

येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता सभागृहात शेवटची वीस मिनिटं दाखवणार आहे. प्रोजेक्टरची सोय सेक्रेटरींनी केली आहे. खुर्च्या आपापल्या आणाव्यात.