बाळंतिणीचे पहिले बेचाळीस दिवस

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



महामाया बाळंतपणासाठी माहेरी, देवदहाला निघाली होती. वाटेत लुंबिनीला सिद्धार्थाचा जन्म झाला आणि बाळ सात दिवसांचे असतानाच आई गेली. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण बाळंतपण पार पडले म्हणजे धोका टळला असे नाही, हे तिच्यातून आपण घेत नाही. धोका राजवाड्यातही टळला नव्हता.

पूर्वी माहेरी आई-मावशी सगळे सांगायच्या. आज कळंबोली, कामोठ्यात आपल्या कितीतरी लेकी-सुना दोन खोल्यांत एकट्या असतात. आई गावाकडे, नवरा ड्युटीवर. शेजारीण एक सांगते, मोबाईल दुसरेच. म्हणून गरोदरपणातच वर्ग पाहिजे. आणि तो एकट्या सुनेसाठी नको, सासू आणि नवराही शेजारी बसले पाहिजेत. कारण दवाखान्यात कधी न्यायचे, हे बऱ्याच घरांत सून ठरवत नाही.

वर्गात काय सांगायचे? लोहाच्या गोळ्या गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या. तासाभरात बाळाला अंगावर पाजायचे, मध-घुटी काही नको, सहा महिने फक्त आईचे दूध. जास्त रक्त जाणे, ताप, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन. आणि बाळंतीण सारखी रडते, तिला बाळ नकोसे वाटते, तर "नाटकं करते" म्हणू नका. दोन आठवड्यांत बरे वाटले नाही तर तो आजार समजून डॉक्टरांकडे न्या. बाळाचा किंवा स्वतःचा जीव घेण्याचे बोलली तर त्याच दिवशी न्या, एकटी सोडू नका.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडले होते की, बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे. १९२९ ला कारखान्यातल्या बायांसाठी कायदा झाला. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनीला ती कुठली मिळायला? आणि कायदा कामावरची रजा देतो, चुलीपुढची रजा कोण देणार? ती आपणच द्यायची.

आमच्या मंडळाची विनंती एवढीच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही योजना सुरू आहे. त्या दिवशी मंडळातल्या दोघीजणी सोबत जातील. महिन्यातून एका रविवारी विहारात तासभर वर्ग घेऊ. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. तिला दारातून परत पाठवू नका. सातव्या दिवशी तिच्याबरोबर आम्हीही येऊ.

महामायेच्या मागे बाळाला महाप्रजापती गौतमीने वाढवले. आपल्या वस्तीत मावशी पुष्कळ आहेत. आई असतानाच त्यांनी उभे राहावे, एवढेच मागणे.

नमो बुद्धाय! जयभीम!